यीस्टमधील जनुक-प्रवर्धनावर डीएनए-दुरुस्ती जनुकांचा परिणाम कसा तपासावा : प्रयोगाची मार्गदर्शिका

मराठवाड्यातील विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर पदव्युत्तर प्रकल्पाची वेळ आली की यीस्टचा पर्याय हमखास येतो, कारण त्याला खर्च कमी, जागा कमी आणि धोका जवळजवळ नाही. डीएनए-दुरुस्ती आणि जनुक-प्रवर्धन (एखाद्या जनुकाच्या प्रतींची संख्या वाढणे) हा विषय त्यासाठी उत्तम आहे. मात्र असे बरेच प्रकल्प एकाच जागी अडखळतात : तांबे मिसळलेल्या माध्यमाच्या प्लेटवर अमुक स्ट्रेनच्या (यीस्टच्या वाणाच्या) वसाहती जास्त आल्या, म्हणून अमुक दुरुस्ती-जनुक प्रवर्धन रोखते, असा निष्कर्ष थेट काढला जातो. एवढ्या पुराव्यावर तो उभा राहत नाही. दुरुस्ती-जनुकाचा परिणाम सांगण्याआधी प्रवर्धन गुणसूत्राच्या कोणत्या जागी आणि कोणत्या मार्गाने झाले हे दाखवावे लागते, कारण एकाच जनुकाचा अभाव एका जागी प्रवर्धन थांबवू शकतो आणि दुसऱ्या जागी तेच वाढवू शकतो. पुढील सर्व पायऱ्या याच मुद्द्याभोवती रचल्या आहेत.

प्रथम जागा, मग जनुक

बेकरीतील यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसीज सेरेव्हिसिए, याच्या १६ गुणसूत्रांचा पूर्ण क्रम १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे सहा हजार जनुके आहेत. प्रवर्धनाच्या अभ्यासासाठी त्यांतील कप१ हे जनुक सर्वांत सोयीचे. ते मेटॅलोथायोनिन नावाचे लहान प्रथिन तयार करते, हे प्रथिन तांब्याचे आयन धरून ठेवते आणि त्यामुळे कप१च्या प्रती जितक्या जास्त, तितके तांबे पेशीला सोसते. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एस२८८सी कुळातील स्ट्रेनमध्ये आठव्या गुणसूत्रावर या जनुकाच्या साधारण १० ते १५ प्रती एकापाठोपाठ एक उभ्या असतात आणि प्रत्येक एकक सुमारे दोन हजार क्षारकजोड्यांचे असते. तांब्याला प्रतिकार या सलग प्रती वाढल्यामुळे येतो, हे फोगेल आणि वेल्च यांनी १९८२ मध्ये दाखवले. जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांत डिंक्या रोगावर खोडाला लावल्या जाणाऱ्या बोर्डो पेस्टमध्ये जे मोरचूद असते, त्यातील तांबे बुरशीला याच कारणाने मारते की पेशीला ते आवरत नाही.

येथे पहिला निर्णय घ्यावा लागतो. नैसर्गिक सलग मालिका जशी आहे तशी वापरायची की ती काढून टाकून कप१ची एकच प्रत निवडलेल्या जागी बसवायची? हे दोन वेगळे प्रयोग आहेत. सलग मालिकेत प्रतींची संख्या मुख्यतः समरूप पुनर्संयोजनाने (सारख्या क्रमाच्या डीएनएंतील अदलाबदलीने) बदलते : प्रतिकृती झाल्यावर दोन भगिनी क्रोमॅटिड (गुणसूत्राच्या जुळ्या प्रती) एकमेकांशी जुळताना, सदऱ्याची गुंडी एक काज चुकून लागावी तशी, एक-दोन एककांनी सरकून जुळतात, त्यामुळे एकीत प्रती वाढतात आणि दुसरीत घटतात. या बदलांत रॅड५२ या दुरुस्ती-जनुकाचा मोठा वाटा असतो. एकाच प्रतीपासून सुरुवात केली तर मात्र शेजारी जुळायला दुसरी प्रतच नसते. अशा वेळी प्रती वाढण्यासाठी आधी गुणसूत्र तुटावे लागते, प्रतिकृती-काटा (डीएनएची प्रत बनत असलेली दुभंगलेली जागा) कोसळावा लागतो किंवा अख्खे गुणसूत्र दुप्पट व्हावे लागते, आणि मग दुरुस्तीची वेगळी जनुके चित्रात येतात.

माझ्या मते एका प्रतीचा प्रयोग अधिक मोलाचा आहे. त्यासाठी काही प्रयोगशाळांनी तयार केलेल्या अशा स्ट्रेन उपलब्ध आहेत, ज्यांत नैसर्गिक कप१ मालिका आणि मूळचे एसएफए१ ही दोन्ही काढून, दोहोंची प्रत्येकी एक प्रत शेजारीशेजारी बसवलेली असते. एसएफए१ फॉर्माल्डिहाइडचे विघटन करणारे विकर बनवते. तांबे आणि फॉर्माल्डिहाइड दोन्ही एकाच प्लेटवर ठेवले की कुठल्याशा भलत्या उत्परिवर्तनामुळे फक्त तांबे सोसणाऱ्या पेशी गळून पडतात आणि दोन्ही जनुके एकत्र वाढलेल्या पेशीच प्रामुख्याने उरतात. साध्या यीस्टच्या स्ट्रेन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या किंवा चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहातून मागवता येतात. वरील खास स्ट्रेन मात्र त्या तयार करणाऱ्या प्रयोगशाळेलाच पत्र लिहून मागवाव्या लागतात. पुनर्संयोजित डीएनएचे काम असल्याने संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात मागावी. समितीची बैठक कधी होईल याचा भरवसा नसतो.

कोणती दुरुस्ती-जनुके निवडावीत

प्रत्येक जनुकाबाबत प्रयोगाआधीच एक लेखी अपेक्षा मांडून ठेवावी, नाहीतर नंतर मिळेल त्या निकालाला साजेशी कथा रचण्याचा मोह आवरत नाही.

रॅड५२ हे समरूप पुनर्संयोजनाचे मुख्य जनुक असल्यामुळे ते संचात असलेच पाहिजे. पोल३२ हे डीएनए पॉलिमरेझ डेल्टा या डीएनएची प्रत करणाऱ्या विकराच्या एका उपघटकाचे जनुक आहे आणि तुटलेल्या टोकापासून लांबवर प्रतिकृती करत जाणाऱ्या दुरुस्तीसाठी त्याची गरज असते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील गटाने २००८ मध्ये यीस्टमधील मोठ्या खंडांचे द्विगुणन पोल३२वर अवलंबून असल्याचे दाखवले, आणि त्याच कामातून रॅड५२ नसतानाही, अगदी तोकड्या साम्याच्या आधारे, हे द्विगुणन होण्याचा आणखी एक मार्ग असल्याचे पुढे आले. म्हणून केवळ रॅड५२ काढून प्रवर्धन थांबले नाही, तर प्रयोग फसला असे समजू नये. रॅड१ (खराब डीएनए कापून काढणारे) आणि एमएसएच२ (चुकीच्या क्षारकजोड्या दुरुस्त करणारे) हीसुद्धा चांगली जनुके आहेत, पण पहिल्या प्रकल्पात ती नसली तरी चालेल.

सर्वांत बोलके उदाहरण एमआरई११ आणि एसएई२ यांचे आहे, म्हणून त्याकडे थोडे सविस्तर पाहू. गुणसूत्रात एकमेकांना उलटे असे दोन समान क्रम जवळजवळ असतील, तर तेथे होणाऱ्या तुटीचे टोक स्वतःवरच दुमडून बंद होते. त्याला हेअरपिनने झाकलेले टोक म्हणतात. एमआरई११, रॅड५० आणि एक्सआरएस२ यांचे संकुल एसएई२च्या मदतीने हे टोक उघडते आणि मग नेहमीची दुरुस्ती सुरू होऊ शकते, हे लोबाचेव्ह, गोर्डेनिन आणि रेझनिक यांनी २००२ मध्ये मांडले. हे टोक उघडणारेच कोणी नसेल, तर प्रतिकृतीयंत्रणा त्या वळणावरून तशीच फिरून मागे येते आणि आरशातील प्रतिबिंबासारखे दोन्ही बाजूंना सारखे, दोन सेंट्रोमिअर (विभाजनात गुणसूत्र जिथून ओढले जाते ती जागा) असलेले गुणसूत्र तयार होते. विभाजनाच्या वेळी ते दोन्हीकडे ओढले जाते, पुन्हा तुटते आणि पुन्हा जुळते. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या गुणसूत्रांत तुटणे, जुळणे आणि पूल बनणे यांचे जे चक्र ओळखले, ते हेच. या चक्राच्या प्रत्येक फेरीत तुटीजवळच्या जनुकाच्या प्रती वाढू शकतात.

आता जागेचा प्रश्न पुन्हा येतो. लोबाचेव्ह यांच्या गटाने २००६ मध्ये मानवी डीएनएत वारंवार येणाऱ्या अ‍ॅलू क्रमांच्या उलट्या जोडीचा वापर करून दाखवले की निवडलेले जनुक तुटीच्या कोणत्या बाजूला आहे, यावर प्रवर्धनाचे रूप ठरते. जनुक सेंट्रोमिअर आणि तूट यांच्या मध्ये असेल, तर वाढीव प्रती गुणसूत्राच्या आतच, मोठ्या उलट्या पुनरावृत्तींच्या रूपाने राहतात. जनुक तूट आणि टेलोमिअर (गुणसूत्राचे टोक) यांच्या मध्ये असेल, तर सुटा तुकडा गुणसूत्राबाहेरचा प्रतिबिंबी रेणू बनू शकतो. सातव्या गुणसूत्राच्या टोकाजवळील एडीएच४ या जनुकाच्या बाबतीत असाच ४२ हजार क्षारकजोड्यांचा रेषीय प्रतिबिंबी रेणू १९८६ मध्येच आढळला होता. मानवी अर्बुदांतही प्रवर्धित जनुके याच दोन रूपांत दिसतात, आणि यीस्टच्या या प्रयोगांकडे कर्करोगाचे अभ्यासक लक्ष देतात ते त्यामुळेच. निष्कर्ष लिहिताना मात्र यीस्टवरून थेट रुग्णावर उडी मारू नये.

स्ट्रेन तयार करणे

जनुक काढण्यासाठी कॅनएमएक्स कॅसेटची (जी४१८ या विषारी प्रतिजैविकाला प्रतिकार देणाऱ्या डीएनए-तुकड्याची) पीसीआर प्रत, दोन्ही टोकांना लक्ष्य-जनुकाच्या बाजूचे सुमारे ४० क्षारकांचे साम्य ठेवून, लिथियम अ‍ॅसिटेट पद्धतीने पेशीत घालावी. रूपांतरित पेशींना साध्या वायपीडी द्रवात (यीस्ट अर्क, पेप्टोन आणि डेक्स्ट्रोजच्या माध्यमात) तीनेक तास सावरू द्यावे आणि मगच जी४१८ असलेल्या प्लेटवर पसरावे. थेट पसरल्यास प्रतिकारक प्रथिन तयार होण्याआधीच पेशी मरतात. जी४१८ हे अमोनियम सल्फेट असलेल्या कृत्रिम माध्यमात नीट काम करत नाही, म्हणून तेथे नत्राचा स्रोत मोनोसोडियम ग्लुटामेट ठेवावा.

क्रमाबाबत एक काटेकोर नियम पाळावा : संपूर्ण बांधणी आधी, रॅड५२ सर्वांत शेवटी. कॅसेट योग्य जागी बसते ती समरूप पुनर्संयोजनामुळेच, त्यामुळे रॅड५२ गेल्यानंतर त्या स्ट्रेनमध्ये या पद्धतीने दुसरे काही बसवण्याची आशा सोडावी.

तयार विलोपन-संग्रहातील (एकेक जनुक काढलेल्या स्ट्रेनच्या संग्रहातील) स्ट्रेन घेण्याचा मोह होतो, पण सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा विलोपन-स्ट्रेनपैकी सुमारे ८ टक्के स्ट्रेनमध्ये गुणसूत्र किंवा त्याचा भाग जादा असल्याचे आढळले होते. प्रतींची संख्या हाच ज्या प्रयोगाचा विषय आहे, त्यात असा लपलेला दोष सर्वनाश करतो. म्हणून प्रत्येक विलोपनाच्या किमान दोन स्वतंत्र स्ट्रेन स्वतः तयार कराव्यात, जनुकाबाहेरील प्रायमरांनी पीसीआर करून त्या पडताळाव्यात आणि एमएमएस या डीएनए बिघडवणाऱ्या रसायनाला त्या अपेक्षेप्रमाणे संवेदनशील आहेत का, हे पातळ करत नेलेल्या थेंबांच्या चाचणीने पाहावे. रॅड५२ नसलेली स्ट्रेन एमएमएसवर निवांत वाढत असेल, तर ती रॅड५२ नसलेली स्ट्रेनच नव्हे. एमएमएस अत्यंत विषारी आहे. हातमोजे घालून, फ्यूम हूडमध्येच ते हाताळावे.

तांब्याचे माध्यम

वायपीडीमधील पेप्टोन आणि यीस्ट अर्क तांबे धरून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक नव्या बाटलीनुसार परिणाम बदलतो. निवडीसाठी कृत्रिम पूर्ण माध्यम वापरावे. कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट २४.९७ ग्रॅम घेऊन एकूण आकारमान १०० मिलिलिटर केले की एक मोलर साठा मिळतो. तो गाळून निर्जंतुक करावा आणि अगार साधारण ५५ अंशांवर आल्यावर मिसळावा. कृषी सेवा केंद्रातील मोरचूद स्वस्त असले तरी त्यात इतर धातू असतात, म्हणून विश्लेषण-दर्जाचेच रसायन घ्यावे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी बेसॉल्टमधून येते आणि जड असते. माध्यमासाठी ऊर्ध्वपातित पाण्याला पर्याय नाही.

तांब्याची योग्य पातळी कोणत्याही शोधनिबंधातून उचलू नये. आपल्या मूळ स्ट्रेनसाठी चढत्या पातळ्यांच्या प्लेट करून, जिच्यावर मूळ पेशी वाढत नाहीत पण वाढीव प्रतींची ज्ञात स्ट्रेन वाढते, अशी सर्वांत खालची पातळी निवडावी. त्यानंतर एक चाचणी अवश्य करावी, जी बहुतेक जण गाळतात : ज्ञात प्रतिरोधक पेशी मोजून, उदाहरणार्थ प्लेटमागे शंभर, लाखो संवेदनशील पेशींत मिसळून पसराव्यात आणि त्यांतील किती वसाहती परत मिळतात ते पाहावे. दाट थरातील पेशी स्वतः तांबे शोषून घेतात आणि खरी निवड ढिली पडते, हे या चाचणीतच कळते. ही चाचणी मूळ आणि विलोपित अशा दोन्ही पार्श्वभूमींत करावी, कारण दुरुस्ती-जनुक नसलेल्या पेशींना तांब्याचा ताण वेगळ्या प्रमाणात जाणवू शकतो, आणि तसे असल्यास वसाहतींच्या संख्येतील फरक प्रवर्धनाचा नसून केवळ तगून राहण्याचा असतो.

बीवाय४७४१ ही स्ट्रेन वापरत असाल, तर तिच्यात एमईटी१५ जनुक नसल्याने सल्फाइड साचते आणि तांब्यावरील वसाहती गडद तपकिरी दिसतात. प्लेट उजेडाकडे धरली की मोठ्या, कडेला फिकट आणि मध्यभागी गूळाच्या रंगाच्या वसाहतींच्या मधून टाचणीच्या डोक्याएवढ्या असंख्य ठिपक्यांचा थर दिसतो. हे ठिपके मोजायचे नाहीत. किती व्यासाची वसाहत मोजायची आणि कोणत्या दिवशी, हे वहीत आधी लिहून ठेवावे.

यीस्टला ३० अंश तापमान लागते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे खोलीचेच तापमान ४० अंशांवर जाते आणि साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येते, थंड करता येत नाही. म्हणून या काळात थंडही करू शकणारा बीओडी इन्क्युबेटरच वापरावा, अन्यथा मोजणीचे प्रयोग पावसाळ्यानंतर ठेवावेत. वीज गेलेल्या काळाची नोंद प्लेटसोबत ठेवावी, आणि तुलना नेहमी एकाच दिवशी, एकाच इन्क्युबेटरमध्ये वाढवलेल्या मूळ व विलोपित स्ट्रेनचीच करावी.

दर मोजणे

वारंवारता (शेवटी मिळालेल्या प्रतिरोधक पेशींचे प्रमाण) आणि दर (पेशीमागे नव्याने घडलेल्या घटना) यांत गल्लत करू नये. संवर्धनाच्या सुरुवातीलाच एखादी पेशी प्रवर्धित झाली तर शेवटी तिची शेकडो वंशज मिळतात, आणि सरासरी काढली की ते एकच संवर्धन संपूर्ण निकाल खेचून नेते. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये मांडलेली चढउतार-चाचणी याच अडचणीतून मार्ग काढते. तांबे नसलेल्या वायपीडी प्लेटवर एकेका पेशीपासून वाढलेल्या, सारख्या आकाराच्या वसाहती अगारासकट कापून काढाव्यात आणि प्रत्येकीला स्वतंत्र संवर्धन मानावे. संख्या विषम, म्हणजे ११ किंवा १५, ठेवली की मध्यक थेट मिळतो. प्रत्येक वसाहत पाण्यात मोकळी करून तिचा मोठा भाग निवडीच्या प्लेटवर आणि अतिपातळ केलेला थेंब वायपीडीवर पसरावा. एकूण पेशींची संख्या सूक्ष्मदर्शकाखाली न मोजता वायपीडीवरील जिवंत वसाहतींवरूनच काढावी. रॅड५२ नसलेल्या संवर्धनात मेलेल्या पेशींचे प्रमाण बरेच असते.

ली आणि कूल्सन यांच्या १९४९च्या मध्यक-पद्धतीनुसार, संवर्धनामागे घडलेल्या घटनांची संख्या ‘म’ मानल्यास, प्रतिरोधक वसाहतींच्या मध्यकाला ‘म’ने भागून त्यातून ‘म’चा नैसर्गिक लॉगॅरिदम वजा केल्यावर १.२४ उरले पाहिजे. मध्यक १४ आला तर ‘म’ सुमारे ४.९ येतो, आणि जिवंत पेशी दोन कोटी असतील तर दर पेशीमागे सुमारे २.५ गुणिले १० चा उणे सातवा घात होतो. हे गणित पूर्ण संवर्धन पसरले आहे असे धरून आहे. भाग पसरला असेल तर त्याची दुरुस्ती करावी लागते. प्रवर्धित पेशी तांब्याविना सावकाश वाढत असतील तरीही दर कमी दिसतो, म्हणून काही प्रवर्धित स्ट्रेनचा साध्या माध्यमातील दुप्पट होण्याचा काळ मोजून ठेवावा.

नैसर्गिक सलग मालिकेवर काम करणाऱ्यांनी ही चाचणी वापरू नये, कारण तेथे बदल इतके वारंवार होतात की गणिताची गृहीतकेच कोसळतात. त्यांनी अनेक वसाहतींतील प्रतींची संख्या मोजून तिचे वितरण मांडावे. शिवाय त्यांनी पेशींना निवडीपूर्वी तांबे लागू देऊ नये : केंब्रिजजवळील बाब्रहॅम संस्थेतील गटाने २०१७ मध्ये दाखवले की तांब्यामुळे कप१चे अनुलेखन (जनुकाची आरएनए प्रत बनणे) वाढते आणि त्या अनुलेखनामुळेच प्रतींतील बदलांना चालना मिळते.

प्रवर्धन झाले हे सिद्ध करणे

प्रत्येक संवर्धनातून एकच प्रतिरोधक वसाहत पुढे न्यावी, नाहीतर एकाच घटनेची भावंडे वेगवेगळी म्हणून मोजली जातात. प्रतींची संख्या क्यूपीसीआरने (दर सायकलला डीएनएचे प्रमाण मोजणाऱ्या पीसीआरने) मोजताना दोन संदर्भ ठेवावेत : एक सहाव्या गुणसूत्रावरील एसीटी१ आणि दुसरा ज्या गुणसूत्रावर कप१ बसवले आहे त्याच गुणसूत्राच्या दुसऱ्या भुजेवरील एखादे जनुक. दुसरा संदर्भही सोबत वाढलेला दिसला तर अख्खे गुणसूत्र दुप्पट झाले आहे आणि त्याला जनुक-प्रवर्धन म्हणता येणार नाही. एका प्रतीच्या दोन प्रती होणे म्हणजे पूर्ण एका सायकलचा फरक, तो क्यूपीसीआर पकडते. दहाच्या बारा प्रती होणे म्हणजे जेमतेम पाव सायकल, आणि तेथे क्यूपीसीआरवर विसंबू नये. सलग मालिकेसाठी, पुनरावृत्तीच्या आत ज्याला कापण्याची जागा नाही अशा निर्बंधन-विकराने डीएनए कापून सदर्न ब्लॉट (हव्या त्या डीएनए-तुकड्याची लांबी दाखवणारी चाचणी) करावा. मिळालेल्या पट्ट्याची लांबी एककाच्या लांबीने भागली की प्रती मोजता येतात.

रचना ओळखण्यासाठी अख्खी गुणसूत्रे लांबीनुसार वेगळी करणारे स्पंदित-क्षेत्र जेल लागते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात ते उपकरण सहसा नसते, पण पेशी अगारोजच्या ठोकळ्यांत जतन करून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. मूळ गुणसूत्र जागेवर आहे पण लांब झाले, मूळ गुणसूत्राखेरीज नवी लहान पट्टी आली, की काहीच हलले नाही, यावरून प्रवर्धनाचा मार्ग बराचसा उलगडतो.

दर आणि रचना या दोन्ही गोष्टी हाती आल्यावरच अर्थ लावावा. विलोपनाने एकूण प्रतिकार वाढला पण त्यातील बहुतेक वसाहतींत प्रती वाढलेल्याच नसतील, तर ते जनुक सर्वसाधारण उत्परिवर्तन रोखते एवढेच ठरते. रॅड५२ आणि एमएसएच२ या दोन्हींच्या अभावी साधी उत्परिवर्तनेही वाढतात, म्हणून त्याच स्ट्रेनमध्ये कॅनाव्हनिन या विषारी अमिनो आम्लाला साध्या उत्परिवर्तनाने येणाऱ्या प्रतिकाराचा दर समांतर मोजावा. एकूण दर तसाच राहिला पण रचना बदलली, हा निकाल विद्यार्थ्यांना निराश करतो, वास्तविक तो सर्वांत माहितीपूर्ण असतो : एक मार्ग बंद झाला आणि पेशीने दुसरा धरला, हे त्यातून दिसते. म्हणून तक्त्यात केवळ एकूण दर न देता प्रत्येक रचनेचा दर वेगळा द्यावा, म्हणजे एकूण दराला तपासलेल्या वसाहतींतील त्या रचनेच्या प्रमाणाने गुणून आलेला आकडा.

शेवटी काढलेले जनुक सेंट्रोमिअर असलेल्या प्लास्मिडवरून (गुणसूत्राबाहेरील लहान गोल डीएनएवरून) परत द्यावे आणि दर मूळ पातळीकडे येतो का ते पाहावे. प्रवर्धित स्ट्रेन तांबे असलेल्या माध्यमातून थेट ग्लिसरॉलमध्ये उणे ७० अंशांवर गोठवाव्यात, कारण साध्या माध्यमावर वारंवार उतरवल्यास वाढीव प्रती गळून जाऊ शकतात. वापरलेल्या तांब्याच्या प्लेट ऑटोक्लेव्ह केल्यावर अगार बेसिनमध्ये न ओतता धातूयुक्त कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात जमा करावा.